‘वाहनमुक्त’, पण कोणत्या वारी?

सायकलने फिरण्याजोग्या वाटांच्या यादीच्या लेखात आसिएत्ताचा रस्ता सरसकट ‘वाहनमुक्त’ म्हटलाय, तेवढं खटकलं. इटलीच्या पिएमोंतमधला हा जुना लष्करी कच्चा रस्ता गाड्यांना बंद असतो तो जुलै-ऑगस्टमधल्या बुधवारी आणि शनिवारी, तेही सकाळी ९ ते संध्याकाळी ५. एरवी तिथे मोटरसायकली आणि जीपगाड्यांची रीघ. ट्युरिनला नोकरीला होतो तेव्हा मी नेमका रविवारी गेलो. एकेक ताफा गेला की पांढऱ्या धुळीचा लोट, बाटलीच्या तोंडावर थर, घोट घेतला की दाताखाली कचकच. खिंड २४७४ मीटरवर, धाप आधीच लागलेली! पुढच्या वर्षी बुधवारी रजा टाकून गेलो, तर मार्मोटच्या (डोंगरात बिळं करून राहणाऱ्या मोठ्या खारीच्या) शिट्ट्या ऐकू येत होत्या. रस्ता तोच. (जाण्याआधी त्या वर्षीची अधिसूचना मात्र बघाच, वारांचं काही सांगता येत नाही.)

आणि इटलीच्याच डोलोमाइट डोंगरांतली दोब्बियाको ते कोर्तिना ही वाट यादीत कशी नाही? १९६४ साली बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचा हा मार्ग. रूळ गेले, बोगदे राहिले, खाली बारीक खडी. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे चिमाबांके खिंडीच्या १५३० मीटरपर्यंत आपण पोचलो कधी हे कळतही नाही. माझ्या बायकोने साध्या भाड्याच्या सायकलवर केली. फक्त एक, ऑगस्टमध्ये पायी चालणारे लोक आणि बाबागाड्या इतक्या, की घंटी वाजवून अंगठा दुखतो.