अनारशाला काय मोहरी लावतात?

काल रात्री साडेअकराला मी गच्चीवर माझे मोजे झटकत होतो. एकेक मोजा उलटा करून, मोबाइलच्या उजेडात. उद्या पहाटे दुबईचं विमान आहे आणि या प्रसंगाला आमच्या तळमजल्यावरचे काका जबाबदार आहेत.

मुलीकडे पंधरा दिवस चाललोय. तयारी चोख. हिच्या गोळ्या मूळ पाकिटातच, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. त्यातली एक गोळी तिकडे नियंत्रित यादीतली निघाली, म्हणून तिथल्या सरकारची परवानगी ऑनलाइन काढली. गोडा मसालासुद्धा मागे ठेवला, कारण त्यात खसखस. अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. शेवटी ते अफूच्या बोंडातलंच बी.

आणि संध्याकाळी काका डबा घेऊन हजर. चहूबाजूंनी चिकटपट्टी.

"विशेष काही नाही, चिरंजिवांना थोडा फराळ."

"काका, उघडून बघावं लागेल."

"म्हणजे आमच्यावर विश्वास नाही!"

तरी उघडला. चोवीस अनारसे, बदामी, जाळीदार, आणि प्रत्येकाच्या एका गालावर खसखशीचा थर.

"काका, याला खसखस आहे."

"मग? अनारशाला काय मोहरी लावतात?"

अफूचं सांगितल्यावर ते खळखळून हसले. "सत्तर वर्षं खातोय. अफू असती तर झोप तरी लागली असती. उलट पित्तानं रात्रभर जागा असतो."

मी त्यांना २००८ सालची गोष्ट सांगितली. एका ब्रिटिश माणसाच्या बुटाच्या तळाला ०.००३ ग्रॅम गांजा चिकटलेला सापडला आणि दुबईत त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे माफी मिळाली, पण तोवर तुरुंगात होताच ना.

"मग बूट धुवायचे त्यानं," काका म्हणाले. "सुरी द्या."

आणि हा गृहस्थ माझ्या उघड्या सुटकेसशेजारी मांडी घालून अनारसे खरवडायला बसला. खसखस उडतेय, अनारसा मोडतोय, मोडलेला माझ्या हातात येतोय: "हा खा, वाया नको." पाच खाल्ले. उत्तम होते, हे कबूल करावंच लागेल. खरवडता खरवडता काका स्वतःचा परदेशप्रवास सांगत होते. परदेश म्हणजे नेपाळ. "पासपोर्ट नाही, काही नाही. कोणी पिशवीला हात लावला नाही. तुम्ही लोक उगीच घाबरता."

तेवढ्यात काकूंचा फोन आला. काकांचे हात तुपकट, म्हणून स्पीकरवर. "घेतले का हो त्यांनी? तो कुरिअरवाला तर यादी वाचूनच नको म्हणाला होता!"

कुरिअरवाल्यानं नाकारलेला डबा माझ्या बॅगेत चालणार होता. कारण कुरिअरवाल्याला धंदा सांभाळायचा असतो आणि शेजाऱ्याला संबंध. दिवाळीच्या आधी गोखले रोडला जाऊन बघा, परदेशी फराळ पाठवणाऱ्या दुकानदारापुढे हेच लोक मुकाट्यानं यादी भरून देतात. उद्या मला तिथे बाजूला घेतलं, तर "हे काकांनी दिलं" एवढंच माझ्याकडे सांगायला. बॅग कोणी भरली, या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्या नावावर.

मी डबा घेतला नाही. काका काही बोलले नाहीत. झाकण लावताना मात्र त्यांनी ते दोनदा आपटलं.

दहाच्या सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: "हल्ली शेजारधर्म उरला नाही." खाली हात जोडलेले. अकरा जणांनी अंगठे दिले. त्यात तिसऱ्या मजल्यावरचे तेही होते, ज्यांच्यासाठी गेल्या खेपेला मी खजूर वाहून आणले. दोन किलो.

हिनं सगळी सुटकेस रिकामी केली. साड्या घरातच झटकल्या, माझे कपडे गच्चीवर. उजव्या मोज्याच्या विणीत एक दाणा असा बसला होता की नखानं निघेना, टाचणीनं निघेना.

तो मोजा घरी ठेवला. डावाही काढला, एकटा नेऊन काय करू.