४३२चा मेसेज आणि आमची काळी एक

सप्ताहाच्या तोंडावर आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. ध्यान, नामस्मरण आणि पावलीसाठी वाद्यं ४३२ हर्ट्झलाच मिळवलेली हवीत. संत त्याच सुरात गात. आज जगभर वाद्यं मिळवतात ते ४४० नाझींनी माणसांची मनं बिघडवायला लादलं. ४३२ म्हणजे १०८ची चौपट आणि पृथ्वीचं स्पंदन. तो वाचून आमचा एक तरणा टाळकरी म्हणाला, यंदा काकड्याला पेटी नको, मोबाईलवरची ४३२ची धून लावू. गंगाखेडच्या अलीकडच्या गावात मी तीस वर्षं पेटी वाजवतो. ते ऐकून मला झोप लागली नाही.

आधी संतांचं. आपल्या गाण्यात षड्ज, म्हणजे सा, बांधलेला नसतोच. गाणाऱ्याचा गळा बघून पट्टी ठरते. बुवा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गातात, बायकांचं भजन काळी चारला चढतं. ४४० म्हणजे पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा. ती ४३२ला आणली, तर अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही उतरत नाही. पांढरी एक सोडून काळी एक धरली की सूर याच्या तिप्पट हलतो, आणि आजवर कुणाची समाधी मोडली नाही. मृदंगाचं तर विचारूच नका. श्रावणात हवा दमट असते, पुडी सैल पडते, सूर उतरतो. आमचे मृदंगाचार्य गट्ट्यांवर हातोडी मारतात, धुमेवरची, म्हणजे डाव्या तोंडावरची कणीक बोटानं थोडी काढतात, परत लावतात, थाप देऊन कान लावतात. मिळवतात ते पेटीशी आणि बुवांच्या गळ्याशी. जनाबाईचं नाव घेऊन आमच्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या, तेव्हा सूर जात्याच्या घरघरीचा असायचा. ज्वारी दळताना वेगळा, डाळ भरडताना वेगळा.

नाझींचं सरळ खोटं आहे. ४४०ची शिफारस ध्वनीचे अभ्यासक योहान शायब्लर यांनी १८३४ साली स्टुटगार्टला केली होती, तेव्हा नाझी पक्ष कुठं होता? फ्रान्सनं १८५९मध्ये ४३५ ठरवलं. देशोदेशीचे वाद्यवृंद वेगवेगळ्या सुरांत वाजत, ते एकसारखे व्हावेत म्हणून १९३९ला लंडनच्या परिषदेत ४४० ठरलं आणि १९५५ला ते आंतरराष्ट्रीय मानक झालं.

१०८चा हिशेब मात्र भल्याभल्यांना भुलवतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं, आणि सेकंद हे माणसानं पाडलेलं माप. आपल्या जुन्या मापानं मोजा: विपळ म्हणजे ०.४ सेकंद. एका विपळात तोच सूर १७२.८ वेळा कंपतो. गेली १०८ची चौपट.

पृथ्वीचं स्पंदन म्हणतात ते शूमान अनुनाद, साधारण ७.८३ हर्ट्झचा. ते विद्युतचुंबकीय आहे, आवाज नव्हे. शिवाय ७.८३ला ५४नं गुणलं तर ४२२.८ येतात. ४३२ यायला आधी त्याचे आठ करावे लागतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. २०१९मध्ये ३३ जणांवर झालेल्या एका प्राथमिक प्रयोगात ४३२चं संगीत ऐकताना हृदयाचे ठोके थोडे कमी दिसले. एवढ्या छोट्या प्रयोगावरून पेटी बाहेर काढता येत नाही. मला २००१ची पाहणी जास्त मोलाची वाटते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली होती, २३ जणांवरची. जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो की 'ॐ मणि पद्मे हुम्', म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. तिथं कुणी सूर मोजून दिला नव्हता. शब्दांच्या लांबीनंच श्वास लांबवला.

हरिपाठात हेच घडतं. दोन रांगा समोरासमोर. एक रांग चरण म्हणते, तेवढ्यात दुसरी श्वास घेते. टाळ छातीशी, पाऊल पुढे, पाऊल मागे, मृदंगाच्या ठेक्यावर सगळ्यांचे पाय एकदम पडतात. पंधरा मिनिटांत घामेजलेली चाळीस माणसं एकाच वेळी श्वास सोडतात. मी पेटीवर बसून ते ऐकलंय. मोबाईलची धून तुमच्या श्वासासाठी थांबत नाही.

त्या पोराला मी यंदा पहाटेचा वीणेचा पहारा द्यायला लावलाय. पेटी काळी एकलाच लावीन. पहाटे त्याचा गळा चढला नाही, तर पांढरी एकला उतरवू.