शंभर एमबीपीएस विकण्याची सोपी पद्धत

फायबर इंटरनेटचा धंदा काढायचा म्हणताय? उत्तम. परवा ऐन मीटिंगमध्ये पलीकडचे चेहरे गोठले, तेव्हापासून आमच्या भागातल्या सेवादात्याच्या विद्येबद्दल आदर दुणावलाय. ती तुम्हीही घ्या.

परवाना काढू नका. देशभराचा, एका सर्कलचा (साधारण राज्याएवढ्या भागाचा) नाहीतर जिल्ह्यापुरता, तो कुणाकडे तरी असतोच. तुम्ही त्याची फ्रँचायझी व्हा. तक्रार आली की ‘वरूनच बंद आहे’ म्हणायचं. वरचा म्हणेल, ‘लोकल पार्टनरशी बोला.’

घाऊकात १ जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएसचा वेग घ्या आणि १०० एमबीपीएसची हजार कनेक्शन विका. सगळे एकदम वापरत नाहीत, जगभर धंदा यावरच चालतो, त्यात पाप नाही. कमाई पुढे आहे: गिऱ्हाइकं वाढली तरी बँडविड्थ वाढवायची नाही.

आता मुख्य युक्ती. यूट्यूब, नेटफ्लिक्सचे कॅश सर्व्हर, म्हणजे व्हिडिओंच्या प्रती साठवलेले संगणक, मोठ्या आयएसपीकडे (इंटरनेट कंपन्यांकडे) ठेवलेले असतात. तिथपर्यंतचं पीअरिंग, म्हणजे दोन नेटवर्कमधली थेट जोडणी, स्वस्त पडतं, ते भरपूर घ्या. बाहेरच्या जगाकडे जाणारा महागडा रस्ता, म्हणजे ट्रान्झिट, मात्र चिमूटभर. स्पीडटेस्टही आपोआप जवळचाच सर्व्हर निवडते, त्यामुळे काटा शंभरावर! व्हिडिओ पळतोय, गिऱ्हाईक गप्प. रडतो तो ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा व्हीपीएन, कारण तो त्या चिमटीतूनच जातो. मग ‘सर, स्क्रीनशॉट पाठवा.’ रात्री नऊला सर्व्हर हाताने बदलून, सिंगापूरचा निवडून, ४ एमबीपीएसचा स्क्रीनशॉट पाठवला तर ‘सर, तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम.’ अहो, लॅन केबल लावून मोजलंय! डेटा कुठल्या टप्प्यांतून जातो ते दाखवणाऱ्या ट्रेसराऊटमध्ये तिसऱ्या टप्प्यापासून थेट शेवटपर्यंत पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळतायत. पहिला टप्पा माझा राऊटर, तो ठणठणीत आहे. तिसरा कुणाचा? माझ्या आजोबांचा?

असो. सल्ला चालू ठेवू.

शेकडो घरांना मिळून एकच पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता द्या. मग बाहेरून कुणाचंच घर सापडत नाही. कुणाला घरचा सीसीटीव्ही बाहेरून बघायचा असेल तर स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायम पत्त्याचे, पैसे वेगळे.

तुमच्याकडच्या यंत्राच्या एका पोर्टवर, म्हणजे एकाच फायबरवर, ६४ घरं लटकवा. तेवढ्या वाटणीतच सुमारे २० डीबी प्रकाश जातो, म्हणजे शंभरातला एकच भाग उरतो. उरलेला घालवायला फायबर वितळवून जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनऐवजी हाताने दाबलेले कनेक्टर, आणि गच्चीवरचा प्रकाश वाटणाऱ्या स्प्लिटरचा डबा उघडाच ठेवायचा. घरी पोचणारा प्रकाश उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) खाली गेला की राऊटरवर लाल दिवा. ‘राऊटर बंद करून चालू करा.’

बॅकअप लाइन पहिलीच्याच चरातून आणा. जेसीबीला दोन फेऱ्या नकोत.

पुरे झालं. पैसे आगाऊ घेता, वर १८ टक्के जीएसटी लावता. तुमच्या लिंकचा आलेख तुमच्यासमोर असतो. रात्री आठ ते अकरा तो वर टेकून सपाट झाला की लिंक भरली, हे तुम्हाला आमच्याआधी कळतं. गर्दीच्या वेळीही वापर ८० टक्क्यांच्या खाली हवा, हे दूरसंचार नियामक ट्रायने २००६ सालीच लिहून ठेवलं होतं. परवडत नसेल तर ४० एमबीपीएसचा प्लॅन म्हणून विका, घेऊ आम्ही. १०० लिहून ४ देणं ही सरळ चोरी आहे. आणि ‘लाइन क्लिअर आहे सर’ म्हणायला जो पोरगा फोनवर बसवलाय, त्याला तरी खरं सांगून ठेवा. शिव्या तोच खातोय.