गोळी चालू, तरी अंगठा पेटतोच

"पथ्य पाळत नसशील!" हे ऐकलं की डोकं फिरतं. मला गाउट आहे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात. मटण सोडलं, दारूला कधी शिवलो नाही, युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी अ‍ॅलोप्युरिनॉल रोज न चुकता घेतो. तरी मध्यरात्री अंगठा लालबुंद सुजतो, पांघरुणाचा काठ लागला तरी जीव जातो. सकाळी चप्पल चढत नाही, खानापूरची बस चुकते.

आता कळलं, युरिक अ‍ॅसिड रक्तात ६ mg/dL च्या खाली टिकलं तरच सांध्यातले जुने स्फटिक विरघळतात, आणि गोळी सुरू केल्यावर सुरुवातीचे काही महिने उलट जास्त झटके येऊ शकतात. अहो, मग हे गोळी लिहून देतानाच सांगायचं ना! माणसं वैतागून औषध सोडतात.

आणि शहापूरच्या लग्नात "एरंडेल चोळ" सांगणाऱ्यांनो, यात आनुवंशिकतेचा, मूत्रपिंडाचा वाटा मोठा असतो. माझ्या ताटात डोकावणं बंद करा.