नव्या चेतापेशी आणि २०१८ चा अभ्यास: एका आक्षेपाला उत्तर

तुमचं म्हणणं असं, की प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी (संदेश वाहून नेणाऱ्या पेशी, न्यूरॉन) तयार होतात हे मी माझ्या लेखात ठामपणे लिहिलं, पण २०१८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने ते खोडून काढलंय. बाकीचं सगळं उंदरांवरचं, आणि असं लिहिल्याने पक्षाघाताच्या रुग्णांना खोटी आशा लागते.

उंदरांचं आधी. लेख सस्तन प्राण्यांबद्दल होता आणि तिथे हा वाद कधीच मिटलाय. १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी उंदरांना किरणोत्सारी थायमिडीन टोचलं. दुभंगणाऱ्या पेशीला नवा डीएनए बांधायला ते लागतं, त्यामुळे नव्या पेशींवर त्याची खूण राहते. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागात, तशी खूण सापडली आणि लोकांनी जवळजवळ दुर्लक्ष केलं, कारण प्रौढ मेंदूत काहीच नव्याने उगवत नाही हे स्पॅनिश मेंदूशास्त्रज्ञ काहाल यांचं मत तेव्हा वेदवाक्य होतं. १९९२ मध्ये रेनल्ड्स आणि वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून मूळपेशी (स्टेम सेल) काढून प्रयोगशाळेत त्यांच्यापासून चेतापेशी वाढवल्या, तेव्हा कुठे वारं फिरलं.

माणसाबद्दल मात्र वाद आहे, आणि तुम्ही सांगता तो अभ्यास कच्चा नाही. सोरेल्स आणि सहकाऱ्यांनी ५९ नमुने तपासले. तान्ह्या मुलांत कोवळ्या चेतापेशी भरपूर, प्रौढांत एकही नाही. शिवाय त्या गटातले आल्वारेझ-बुइला यांची हयात पक्ष्यांमधल्या आणि उंदरांमधल्या नव्या चेतापेशींवरच गेलेली, म्हणजे आकसाचा प्रश्नच नाही. पण पुढच्याच महिन्यात बोल्ड्रिनी यांच्या गटाने १४ ते ७९ वयाच्या माणसांमध्ये नेमकं उलट दाखवलं, ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही.

कोवळी चेतापेशी बहुतेकदा डबलकॉर्टिन या प्रथिनावरून ओळखतात. २०१९ मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी दाखवलं की मेंदूचा तुकडा टिकवण्याच्या रसायनात जास्त वेळ राहिला तर ही खूण पुसट होत जाते. वेळ पाळल्यावर त्यांना ती वृद्धांमध्येही मिळाली. यावर तुम्ही म्हणाल, सोरेल्स यांच्याकडे शस्त्रक्रियेत काढलेले ताजे नमुनेही होते. होते. पण ते अपस्माराच्या रुग्णांचे, आणि त्या आजारात हिप्पोकॅम्पसच बिघडलेला असू शकतो. त्यावरून निरोगी माणसाबद्दल बोलायला मी धजावणार नाही.

मला स्वतःला पटतो तो पुरावा प्रथिनाची खूण शोधण्याच्या या भानगडीत पडतच नाही. १९५०-६० च्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळपास दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर उघड्यावरच्या बहुतेक चाचण्या थांबल्या आणि तो उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हा हवेत जितका कार्बन-१४ असेल, त्याचं प्रमाण तिच्या डीएनएत कायमचं नोंदलं जातं. स्टॉकहोममध्ये स्पाल्डिंग, फ्रिसेन आणि सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या हिप्पोकॅम्पसमधून चेतापेशींचा डीएनए काढून हे मोजलं. २०१३ मध्ये आलेला त्यांचा अंदाज: प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला सुमारे ७०० नव्या चेतापेशी. आकड्यावर वाद घाला, तो गणिती प्रारूपातून आलाय. पण ‘शून्य’ म्हणायचं असेल तर त्या डीएनएत जन्मानंतरचा कार्बन कुठून आला, हे सांगावं लागेल. २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्याच गटाने प्रौढांमध्ये दुभंगणाऱ्या पूर्वज पेशीही, म्हणजे ज्यांच्यापासून चेतापेशी बनतात त्या पेशीही, दाखवल्या.

राहिला पक्षाघात. मोठ्या मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) माणसाच्या चेतापेशी त्याच्याच वयाच्या असतात, हे याच कार्बनच्या पद्धतीने २००६ मध्ये दिसलं. तिथे मेलेला भाग हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशी भरून काढत नाहीत. व्यायामोपचाराने रुग्णाचा हात पुन्हा हलू लागतो तो मुख्यतः उरलेल्या चेतापेशींनी नवे जोड बांधल्यामुळे, आणि त्यासाठी उपचार लवकर सुरू व्हावे लागतात. ‘नव्या चेतापेशी वाढवणाऱ्या’ गोळ्या विकणाऱ्यांवर तुमचा राग असेल, तर त्यात मीही तुमच्याबरोबर आहे.