क्वायचा पूल कमांडोंनी उडवलाच नाही

थायलंड सहलीचे फोटो आले की एक मजकूर हमखास सोबत फिरतो: ‘क्वाय नदीवरचा लाकडी पूल ब्रिटिश कैद्यांनी बांधला, त्यांच्या कर्नलने जपान्यांना मनापासून साथ दिली आणि शेवटी कमांडोंनी तो गाडीसकट उडवला.’ हे बहुतेक 1957 च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटातलं आहे, इतिहासातलं नाही.

नदीचं नावही नंतरचं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी कैदी आणि मजुरांकडून बांधून घेतलेली सयाम-बर्मा (थायलंड-म्यानमार) रेल्वे ख्वे नोई नदीच्या खोऱ्यातून वर जाते (‘क्वाय’ म्हणजे हेच ‘ख्वे’), पण थायलंडमधल्या कांचनाबुरीचा हा पूल युद्धकाळात मे क्लोंग नदीवर होता. पर्यटक ‘क्वाय’ शोधत येऊ लागले, तेव्हा 1960 च्या सुमारास या पात्राला ख्वे याई म्हणायला सुरुवात झाली.

लाकडी पूल खरोखर होता, पण तात्पुरता. तो फेब्रुवारी 1943 मध्ये तयार झाला. जवळच काँक्रीटच्या खांबांवर त्याच वर्षी पोलादी पूल उभा राहिला. त्याचे 11 कमानदार गाळे (दोन खांबांमधले पुलाचे भाग) जावाहून आणले होते.

कमांडो? कोणीच नाही. 1944 च्या अखेरीपासून दोस्त राष्ट्रांची विमानं वारंवार बॉम्ब टाकत होती. रेल्वे पूल वरून दोऱ्याएवढा दिसतो. नेम जरा चुकला की बॉम्ब नदीत. शिवाय एक पूल बिघडला की दुसऱ्यावरून गाड्या वळवता येत आणि लाकडी पूल पटकन दुरुस्त होई. अखेर 1945 मध्ये पोलादी पुलाचे तीन गाळे पडले. युद्धानंतर त्यांच्या जागी दोन नवे बसवले. फोटो नीट पाहा: जुन्या गाळ्यांची वरची कड गोलाकार आहे, मधल्या दोघांची सरळ.

कर्नलबद्दलचं विधान तर अन्यायकारक आहे. पुलाजवळच्या तामार्कान कैदी छावणीतले ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी, लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी, माणसं जगवण्यासाठी झगडत होते. कैद्यांनी लाकडात वाळवी सोडली, काँक्रीट मुद्दाम कच्चं कालवलं.

आणि ‘ब्रिटिश’ हा शब्द सर्वांत जास्त लपवतो. पुलावर डच कैदीही राबले. संपूर्ण 415 किमी मार्गावर 60,000 हून अधिक युद्धकैदी होते, त्यातले 12,000 हून अधिक मेले. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आशियाई मजूर होते: बर्मी, जावानीज, मलय आणि मलायाच्या रबर मळ्यांतले तमिळ. त्यांच्या मृत्यूंचा अंदाज 90,000 पर्यंत जातो. 1943 च्या पावसाळ्यात कॉलरा पसरला, तेव्हा कैद्यांकडे निदान स्वतःचे लष्करी डॉक्टर होते आणि पाणी उकळून प्यायची सक्ती होती. मजुरांच्या बहुतेक छावण्यांत दोन्ही नव्हतं. कांचनाबुरीच्या युद्धस्मशानभूमीत जवळपास 7,000 कैद्यांच्या कबरी आहेत. या मजुरांपैकी बहुतेकांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत.