जुन्या रेसरचा मेसेज आणि अण्णाचा इसार

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर अण्णानं एक मेसेज ढकलला. ‘जुनं ते सोनं! चाळीस वर्षांपूर्वीची लोखंडी रेसर सायकल मिळाली तर डोळे झाकून घ्या.’ खाली मुद्दे: फ्रेम जन्मभर टिकते, क्रोमच्या रिमा ॲल्युमिनियमपेक्षा भारी, गंज म्हणजे नुसता वरवरचा, टायर कुठलाही बसतो, मापाचं काही नाही सीट वरखाली करा, बारीक टायरला जोर लागत नाही. हाच मेसेज दोन दिवसांत मला आणखी तिघांकडून आला. पण अण्णा नुसता पाठवून थांबला नाही. रिटायर होऊन चार महिने झालेत, सकाळी रंकाळ्याला फेरी मारायची हौस आलीय. साहेब मंगळवार पेठेत जाऊन एका रेसरला पाचशे रुपये इसार देऊन आले. डोळे झाकूनच.

आधी रिमा. बाकीच्या मुद्द्यांत पैसे जातील, यात दात जातील.

क्रोमची लोखंडी रिम दिसते झकास. कोरडी असली तर ब्रेकही बरा लागतो. भिजली की खेळ खलास; त्या गुळगुळीत मुलाम्यावर रबर नुसतं घसरत राहतं. ॲल्युमिनियमची रिम ओली असतानाही यापेक्षा कितीतरी बरी धरते. हे माझं एकट्याचं मत नाही. शेल्डन ब्राउन नावाचा अमेरिकन सायकल मिस्त्री २००८ साली वारला, पण जुन्या सायकलीचं काही अडलं की जगभरचे मिस्त्री अजून त्याचंच लिहिलेलं उघडतात. पावसात लोखंडी रिमेचा ब्रेक भरवशाचा नाही, हे त्यानं स्वच्छ लिहून ठेवलंय.

आणि मला तर ते त्याच्याही आधी कळलं होतं. कॉलेजात असताना, ऑगस्टची झिमझिम, टेंबलाईचा उतार. दोन्ही ब्रेक मुठीत गच्च आवळलेत, रिमेवरून पाणी निथळतंय आणि सायकल आपली चाललीय. समोर दूधवाला. दोन किटल्या रस्त्यावर, मी किटल्यांवर. दुधाचे पैसे वडिलांनी भरले, ते मला वर्षभर ऐकवले. कोल्हापुरात पाऊस चार महिने असतो, हे मेसेजवाल्याला कुणीतरी सांगा.

त्यात जुन्या रेसरचे गिअर बदलायचे खटके खालच्या तिरक्या नळीवर. म्हणजे महाद्वार रोडच्या गर्दीत एक हात सोडून वाकायचं. साठीच्या माणसानं!

गंज ‘वरवरचा’ असतो म्हणे. अरे बाबा, हे पुराचं गाव आहे. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला पाणी होतं, तेव्हा ही सायकल कुठं उभी होती हे आधी विचारा. सीटच्या नळीतून शिरलेलं पाणी खाली पायडलच्या एक्सलपाशी साठतं आणि फ्रेम आतून खातं. वरून रंग मारला की नवरीसारखी दिसते. सीट काढा, आत टॉर्च मारा. सीट निघतच नसेल तर ती नळीत गंजून बसलीय, म्हणजे ‘सीट वरखाली करा’ हाही मुद्दा तिथंच मेला. तसंही मापाला फ्रेमच लागते. आडव्या नळीवर दोन्ही पाय टाकून उभं राहा. पाय सपाट टेकून नळीच्या वर दोन बोटं जागा उरली पाहिजे. अण्णानं उभं राहून बघितलंच नाही.

टायर कुठलाही बसतो हे तर शुद्ध थाप. जुन्या रेसरना बरेचदा २७ इंची चाक असतं, रिमेवर टायर बसतो तिथला व्यास ६३० मिलिमीटर. आजच्या ज्या चाकाला ‘७००’ म्हणतात, त्याचा ६२२. आठ मिलिमीटरचा फरक, टायर बसत नाही म्हणजे नाही. ट्यूब चालते. अख्खं चाकच ॲल्युमिनियमचं ७०० करायचं तर ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली सरकायला हवेत. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का ते आधी बघायचं. जागा असेल तर हा खर्च मात्र सार्थकी लागतो. बारीक टायरचं म्हणाल तर सव्वा इंची टायर खड्ड्यांनाही तसा वाईट नाही, फक्त कडेला तडे गेलेले नकोत.

राहिली फ्रेम. टिकते, मान्य. चांगली लोखंडी फ्रेम चालवायलाही मऊ लागते, हेही मान्य करायलाच पाहिजे. पण समोरून ठोकर खाल्लेली नसेल तर. हॅन्डलच्या मागे, नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला की पुढचं चाक धरणारा चिमटा आणि फ्रेम वाकलीय, घरी या. पातळ नळ्यांवर गल्लीतल्या वेल्डरचा हात फिरलेला दिसला तरी घरी या.

शनिवारी अण्णाला घेऊन परत जातोय. खिशात टॉर्च आणि फ्रिजवरचं चुंबक. ॲल्युमिनियमला ते चिकटत नाही. रिमेला चिकटलं की पाचशे गेले समजा, असं वहिनींना आधीच सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, “भाऊजी, चुंबक मोठं न्या.”